गळती

इस्त्रीच्या टेबलाची उंची हवी तशी करता येते
हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं.
सर्वांत वरच्या खाचेत लॅपटॉप.
तापलेली इस्त्री टेकवतात त्या जाळीवर चहाचा मग.
पाठीमागे धुण्याचं मशीन,
मीटिंगमध्ये दिसू नये म्हणून त्यावर चादर.
पाणी कंपनीची मदतवाहिनी सध्या
कोबर्गमधल्या या मोरीएवढ्या खोलीतून बोलते:
"नमस्कार, मी थिओडोरा, काय मदत करू?"

मेलबर्नमध्ये ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा.
रात्री आठनंतर दाराबाहेर पाऊल नाही.
दिवसा एक तास, पाच किलोमीटरच्या आत.
आई राहते रेझर्व्हॉयरला,
सहा किलोमीटर चारशे मीटर.
मोजलंय मी. तीनदा. वेगवेगळ्या रस्त्यांनी.

मीटिंग संपते, चौकोन एकेक करून विझतात.
मी बसून राहते.
"तुमच्याशिवाय इथे कुणी नाही"
ही ओळ येते, तीही वाचते,
जणू माझ्याच नावाने आलेलं पत्र.

कंपनीने पाच समुपदेशनं फुकट दिली आहेत.
गुरुवारी ब्रॉनविनचा फोन येतो.
"एक ते दहा, आज किती?"
सात, मी सांगते.
सात म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

मग तो मंगळवार.
क्लॅरी ड्रिस्कॉल, वय एक्क्याऐंशी, प्रेस्टन.
बिल तिप्पट आलेलं.
मी तक्ता उघडला. गळतीची अकरा कारणं.
"रात्री मीटर बघा. फ्लशच्या टाकीत रंगाचे दोन थेंब टाका."
"गळती नाही गं," म्हातारा म्हणाला,
"मीच सोडून ठेवतो. स्वयंपाकघरातला. बारीक.
जॉइस भांडी विसळायची ना, तसा आवाज येतो.
ती केअर होममध्ये आहे. मार्चपासून भेट नाही.
आता तर खिडकीतूनही नाही.
घर खायला उठतं.
नळ चालू असला की
वाटतं, आत कुणीतरी कामात आहे."

स्क्रीनवरचं घड्याळ सहाव्या मिनिटाला पिवळं होतं,
नवव्याला लाल.
मी सांगायला हवं होतं: तासाला इतके लिटर, इतके डॉलर.
मी म्हटलं, "मला ऐकवता?"

त्यांनी फोन सिंकजवळ धरला असणार.
माझ्या दोन्ही कानांत
प्रेस्टनचं पाणी पडू लागलं,
स्टीलवर, मग बहुतेक बशीवर, मग पुन्हा स्टीलवर.
लाल झालं. होऊ दिलं.
खांदे कानांपर्यंत चढले होते माझे,
ते खाली आले तेव्हा कळलं.

"मी पण मशीन रिकामं फिरवते,"
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं,
"कपडे नसतात. नुसतं खळबळायला लावते,
दुपारी चार वाजता. पाठीशी काहीतरी हलतं."
पलीकडे थोडा वेळ फक्त नळ.
मग ते म्हणाले, "आणि तुझं बिल?"
"स्टाफला सवलत आहे."
इतके हसले की खोकला लागला,
आणि त्या दिवसांत खोकला ऐकला की
दोघंही एकदम गप्प व्हायची माणसं.
"साधा आहे," ते म्हणाले. "सिगारेटचा. जुना."

बादली ठेवा म्हटलं नळाखाली,
परसात लिंबू असेल तर त्याला घाला.
लिंबू होतं. प्रेस्टनमध्ये कुणाकडे नसतं?

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: घरात माणूस नाही.
खोडलं.
यादीतलं "इतर" निवडलं.
तेवीस मिनिटं. सुपरवायझरने विचारलं तेव्हा
लाइन खराब होती म्हणाले.

गुरुवारी ब्रॉनविन: "एक ते दहा?"
तीन.
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
"बोला," ती म्हणाली, "घाई नाही."
कुठून सुरू करावं कळेना.
घड्याळात चार वाजायला आले होते.
"थांबा," मी म्हटलं
आणि चादर बाजूला केली,
"आधी एक आवाज ऐकवते."