कूलर बंद असताना

कळमन्याच्या धर्मकाट्यावर एकवीस वर्षं
मी फक्त आकडे बोललो.
भरलेला ट्रक. रिकामा ट्रक. वजाबाकी. पुढचा.
आणि आता म्हणतात, बाबा, रिसेप्शनला दोन मिनिटं बोला,
रोशनच्या ऑफिसातले येणार आहेत, पुण्याहून,
तिकडे नवरीचा बाप बोलतो म्हणे.

मृग बहाराचे शेवटचे ट्रक येत होते तेव्हा
काट्याच्या पावत्यांच्या पाठीवर लिहीत बसलो.
'आज मला अतिशय आनंद होत आहे.'
खोडलं. सरपंच बोलल्यासारखं वाटलं.
'मुलगी म्हणजे परक्याचं धन.'
लिहितानाच प्रणालीचा चेहरा दिसला,
लाइट बिलावरून भांडायला मला सोबत घेऊन जाणारी,
पहिल्या पगारात मला कवळी बसवून देणारी.
कोणाचं धन, अन् कोण परकं?
हेही खोडलं, पेन मोडेस्तोवर.
तिसरं वाक्य आमच्या कूलरबद्दल होतं.
लग्नाच्या भाषणात कूलर कशाला?
शकुन म्हणाली, "काहून इतकं लिहून राहिले?
बोलायचं अन् बसायचं."

मे महिना. पंचेचाळीस पॉइंट काहीतरी.
मानेवाड्याचं सभागृह, भिंतीला सहा कूलर,
सहाही विमानासारखे.
माईक माझ्यापेक्षा घाबरलेला,
एक शिट्टी मारून गेला.
मी वाचायला लागलो. पावती वाऱ्यावर फडफडायची,
अंगठ्याखाली दाबून धरली.
व्याही हसत हसत मान डोलवत होते,
म्हणजे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.
मागं वांग्याच्या भाजीची चौकशी चालू होती.
मी थांबलो नाही. काट्यावरही असंच असतं,
इंजिन सुरूच असतं, आपण ओरडायचं.

तेवढ्यात प्रणाली उठली.
शालू एका मुठीत गोळा करून स्टेजवरून उतरली
आणि भिंतीभिंतीनं चालत गेली.
एक बटण. दुसरं.
फोटोवाला "ताई, ताई" करत मागं.
सहावा कूलर बंद झाल्यावर
पातं आपलं आपण दोन-तीन फेरे घेतं ना,
तेवढा वेळ अख्खं सभागृह त्या पात्याकडे बघत होतं.
मग घाम. तीनशे माणसांचा घाम.
कोणी हललं नाही.
एक लेकरू रडलं, तेही अर्धंच.

त्या शांततेत कागदावरचं एकही वाक्य
उच्चारण्यासारखं उरलं नाही.
म्हटलं,
"ही पोट्टी दुसरीत होती तेव्हापासून
आमच्या कूलरात पाणी हीच भरते.
आधी गुंडानं, मग बादलीनं, मग नळी लावून.
रात्री दोनला मोटर कोरडी वाजायला लागली
की उठायची, अंधारात, कोणाला न उठवता.
मी झोपलेलो नसायचो.
मला रोज जाग यायची.
पडून राहायचो, बाप्पा, डोळे मिटून.
एवढंच सांगायचं होतं.
रोशनराव, कधी कधी तुम्ही आधी उठा."

ती सहाव्या बटणाशीच उभी होती.
काहीतरी म्हणाली, माझ्याकडे बघून,
दोन-तीनच शब्द,
पण तोवर तिचा हात बटणावर पडला होता
आणि कूलर सुरू झाला.
सगळ्यांनी मोठा श्वास सोडला.
माझ्या पावत्या उडाल्या,
एक रोशनच्या मामाच्या ताटात, तर्रीत, नीट पसरली.
मी विचारलं नाही तिला, नंतरही,
काय म्हणाली होतीस.

पाठवणी झाली. मंडपवाल्याचा हिशेब झाला.
रात्री दोनला मोटर वाजायला लागली.
शकुन म्हणाली, "ऐकू येऊन राहिलं ना?"
उठलो.
नळी कुठं ठेवते ही पोरगी,
सापडायलाच पाव तास गेला.