दीड तास

ओझर ते शारजा : एकोणीसशे सत्तर किलोमीटर,
विमानाला तीन तास.
हे मला बोकडांमुळे पाठ झालं.

रात्री अकराला ट्रक लागतात,
मालेगावचे, येवल्याचे, एखादा पार साक्रीचा.
मी एकेकाचं तोंड उघडतो, पापणी खाली ओढतो,
खूर बघतो, कानातला बिल्ला वहीशी ताडतो
आणि शिक्का मारतो :
निरोगी. प्रवासास योग्य.
एका फेरीला सोळाशे शिक्के.
पहाटे अंगठा निळा, आणि अंगाला असा वास
की तिर्सा दारातच अडवते : पप्पा, आधी मोरीत.

तिर्साची आई शारजात आहे.
सुवार्ता. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स, सातवं वर्ष.
तिला ओझरहून जाता येत नाही.
ती वाट बोकडांची.
तिची वाट अशी :
शरणपूर रोडवरून रिक्षा, द्वारकेला गाडी,
कसाऱ्यात एक उलटी, घाट तिला कधी सोसलाच नाही,
भिवंडीच्या अलीकडे कंटेनरांच्या मागे दोन तास,
मग रांग, बांगड्या काढा, चपला काढा, पुन्हा रांग,
शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी
हुंगून बघणारा तो पोरगेला शिपाई.
सगळं धरून सतरा तास.
त्यात उडणं तीनच.
उरलेलं अंतर कोण मोजतं, ठाऊक नाही.

तिर्सानं एकदा पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ठेवला,
लोणच्याच्या बरणीचा दादरा बांधायचा दोरा.
एक टोक नाशिकवर, एक तिकडे, दोन्ही नखांनी दाबून.
"एवढंच?" म्हणाली.
माझ्या करंगळीची दोन पेरं.
मग तेवढाच तोडून घेतला
आणि कंपासपेटीत टाकून शाळेत गेली.

तिथलं घड्याळ दीड तास मागे.
आम्ही फोनवर नऊला भांडलो
तर तिच्याकडे साडेसातच झालेले असतात.
जेवायच्या आत ती विसरूनही जाते.
मी इकडे भांडण घेऊन झोपतो.

बोकड तीन चाळीसला उडतात,
पाच दहाला उतरतात.
तीन तासांची वाट, घड्याळात दीडच.
दीड तास फुकट मिळाला त्यांना.
पुढे त्याचं काय करत असतील,
मी विचारत नाही.

सुवार्ताही जाताना तो दीड तास नेते
आणि सुट्टीवर येताना आणून देते.
पहिल्या दिवशी दुपारपर्यंत झोपते ना,
त्यात फिटतो.
सात वेळा नेला. सहा वेळा फेडला.
गेल्या नाताळात रजा मिळाली नाही.
ईस्टरचं म्हणते, बघू.

आज विमान वर गेलं, द्राक्षबागांवरून वळलं,
कुंपणाशी कुत्री भुंकून थकली.
शेडमध्ये लेंड्या, दोन तुटके बिल्ले, मी.
उगीच बोकडांच्या काट्यावर उभा राहिलो.
एकाहत्तर किलो.
शिक्का हातात होता. झाकण लावून खिशात टाकला.

तेवढ्यात तिचा मेसेज :
इथे तीन वाजलेत. ड्यूटी नाही, तरी झोप नाही.
माझ्याकडे साडेचार.
म्हणजे तो दीड तास अजून तिच्याकडेच आहे,
जपून ठेवलाय, परत करायचा म्हणून.

मी लिहिलं : वापरून टाक तो.
झोप.
तिर्साच्या डब्याचं मी बघतो.