मांडव रिकामे

पेन्सिल मीच देते.
शाईला या खोलीत मज्जाव, ओल्या छत्रीलाही,
आणि खात्री आणली असेल कुणी
तर ती बाहेर, कोटाशेजारच्या खुंटीवर.

डर्मट हाइन्स नोव्हेंबरात आला.
म्हणाला, टर्न कोव्हच्या बायकांनी एकदा काम टाकलं होतं,
अठराशे त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात.
शेजारच्या टिझार्डबाई सांगतात. त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं.
आणि कागद?
"तोच तर हवाय."

आधी वर्तमानपत्रांची रिळं काढून दिली.
आठ दिवस तो त्या यंत्राची मूठ फिरवत होता.
दोन गलबतं बुडाली, बिशप येऊन गेले,
सेंट जॉन्सच्या धक्क्यावर कुणाचा तरी घोडा उधळला.
बायका नाहीत.

मग व्यापाऱ्याची खतावणी, जी उचलायला दोघं लागतात.
काकवी. चहा. दोरखंड. बुटांचा जोड.
बाकी पुढील पानी.
प्रत्येक खातं पुरुषाच्या नावानं उघडतं
आणि माशांनी फिटता फिटत नाही.
मासा चिरला कुणी, मीठ कुणी चोळलं,
पहाटे मांडवावर कुणी एकेक कॉड पसरला
आणि धुक्याचा वास येताच धावत गोळा केला,
हे खतावणीला ठाऊक नाही.
तिला सही पुरते,
नाहीतर फुली.

"खोटंच असेल," तो म्हणाला.
मी म्हटलं, प्रश्न बदल.
बायकांनी काय केलं, हे कागदाला विचारू नकोस.
त्या दिवशी लिहिणं कुणाच्या गळ्यात पडलं होतं, ते विचार.
पाद्री? जूनपासून अंथरुणाला खिळलेला.
मास्तर? शाळेला सुट्टी.
पोलीस? बोटीनं दीड दिवस लांब.
उरला दीपगृहवाला.

अझरायाह पेली, खोकं चौदा.
सूचीत लिहिलंय: हवामान, किरकोळ.
मागणीच्या चिठ्ठीवर एकही नाव नव्हतं.
नाडीची गाठ माझीच निघाली, मी इथं नवी असतानाची.

रोज तीन ओळी. वारा, दाब, तेल किती जळलं.
कधी भोंगा बिघडलेला. कधी बायकोला ताप.
डर्मट पानं उलटत होता, मी दिव्याखाली कार्डं लावत होते,
आणि तीनच्या सुमारास
पानांचा आवाज थांबला.

*११ ऑगस्ट. नैर्ऋत्य वारा, मंद. आकाश निरभ्र. मांडव रिकामे.*
*१२. ऊन बेताचं. मांडव रिकामे.*
*१३. तसंच. बायका वाळूत बसून विणतात. व्यापारी दोनदा येऊन गेला.*
*१४. धुकं.*
*१५. ऊन. मांडव भरलेले.*

बेताचं ऊन या किनाऱ्यावर सोन्यासारखं.
कडक ऊन मासा करपवतं, धुकं कुजवतं.
असे तीन दिवस कुणी उगीच वाया घालवत नाही.
पेलीला तेव्हा काही सांगायचं नव्हतं.
खिडकीतून दिसलं, लिहिलं.

आम्ही खतावणी पुन्हा काढली, दोघांनी, धापा टाकत.
चौदा ऑगस्ट. वेगळ्या शाईत एकच ओळ:
चहा, अडीच पौंड.
नावे या रकान्यात
एकही नाव नाही.
फक्त 'किनारा'.

हा विजय होता की लाच, की धुक्यातली नुसती माणुसकी,
मी सांगणार नाही, मला पगार त्याचा नाही.
त्यानंही वहीत ओळ उतरवून
पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेव्हा मला तो पोरगा आवडला.

'किरकोळ' खोडता येत नाही, नियम आहे.
मी कार्डाच्या तळाशी टंकलं:
हेही पहा – बायका.

साडेचारला घंटा दिली तर तो जिन्याखालच्या टेलिफोनवर,
ओरडून बोलत होता, टिझार्डबाई चौऱ्याण्णव वर्षांच्या.
"त्या विणत काय होत्या?"
इकडे वाचनकक्षात मला ऐकू आलं, इतकं खणखणीत:
"हातमोजे! दुसरं काय?
आणि तू आज विचारतोस होय रे हे?"