दीड मिनिट

मी फक्त काडी लावायला गेलो होतो.
बोटाएवढी काळी काडी, टीव्हीच्या पाठीत खुपसायची,
पासवर्ड टाकायचा, पैसे घ्यायचे, निघायचं.
पुन्ता आरेनासमध्ये अशी चार-पाच घरं होतात माझी दिवसाला.
कुणाला फुटबॉल हवा असतो, कुणाला कोरियन मालिका,
एका निवृत्त खलाशाला हवी होती नुसती शेकोटी, आठ तास जळणारी,
आणि शेजारीच त्याची खरी शेकोटी पेटलेली.

दोन्या झोर्काला हवा होता धक्का.
बोटी लागतात तो.
आद्रियाटिक समुद्रातल्या ब्राच बेटावरचा,
जिथून तिचे आजोबा निघाले
आणि ज्याच्याबद्दल जन्मभर एवढंच बोलले
की तिथे वारा कधीकधी थांबतो.
(आमच्या गावात याला स्वर्गाचं वर्णन म्हणतात.)

कुणीतरी तिथे खांबावर कॅमेरा बसवलाय,
रात्रंदिवस बघतो तो, पापणी न लववता.

जूनमधली सकाळ, सात वाजलेले.
उजाडायला अजून तीन तास.
पडद्यावर वर्तुळ फिरत राहिलं,
जातं फिरावं आणि पीठ पडू नये तसं.
मग एकदम ऊन.
खोलीभर दुपार.
तिच्या चष्म्यावर, किटलीवर, माझ्या बुटांवरच्या बर्फावर
तेरा हजार किलोमीटरवरचं ऊन.

धाकटी नेवेन्का आदल्या दिवशी तिथे पोचलेली.
चौऱ्याहत्तर वर्षांची, घराण्यातून परत गेलेली पहिली.
झोर्काचे गुडघे नाही म्हणाले, म्हणून एकटीच.
ठरलं होतं: बारा वाजता, कॅमेऱ्यासमोर, लाल रुमाल.

फोन वाजला.
"दिसतेय का मी?"
"नाही."
"अगं, रुमाल हलवतेय!"
"इथे एक मांजर आहे. आणि दोरखंड."
"मांजर केव्हाच उठून गेलं."
"बसलंय. पाय चाटतंय."
"तू भलतंच काहीतरी लावलंयस."
"तूच भलत्या गावात उतरलीस. लहानपणापासून तुझं हे असंच."
तिथून भांडण मागे मागे जात
एका हरवलेल्या हातमोज्यापाशी पोचलं
आणि फोन ठेवला गेला.
कुणी ठेवला, सांगता येणार नाही.

मी सांगायला हवं होतं.
माझा तर धंदाच आहे हा.
थेट म्हणतात ते थेट नसतं,
चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं, वाटेत अडतं, साठतं;
आवाज पोचतो पुढे,
माणूस मागून येतं.
पण मी सुट्टे मोजत होतो.

मांजर उठलं.
डाव्या कडेने नेवेन्का आली,
फोन कानाला, हसत, रुमाल उंच,
टाचा उचलून हलवत होती
जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखी.
झोर्काने इकडून हात हलवला. दोन्ही हलवले.
पडद्यावर हसू हळूहळू मिटत गेलं.
ओठ हलले, भुवया चढल्या (हातमोजा, बहुतेक),
मग तिने फोन कानापासून दूर धरून बघितला
आणि पर्समध्ये टाकला.

"आवाज वाढव," झोर्का मला म्हणाली.
या कॅमेऱ्याला कान नाहीत, दोन्या.

नेवेन्का बोट बांधायच्या खुंटावर बसली.
रुमाल मांडीवर, त्याचं एक टोक खाली लोंबलेलं.
तिचा चेहरा मी या घरातल्या फोटोंत पाहिलाय,
लग्नातला, बारशातला, सगळ्यांकडे बघून हसणारा.
हा त्यातला कुठलाच नव्हता.
कुणी बघत नाही असं वाटल्यावर
माणूस जो काढून ठेवतो आणि जो उरतो,
त्यातला उरलेला.
झोर्का खुर्ची ओढत पुढे सरकली,
इतकी, की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली.

पुन्हा फोन.
"दिसतेस," झोर्का आधीच म्हणाली.
"आत्ता? आत्ता तर मी बेकरीत आहे."
"असशील."
"काय दिसतंय?"
झोर्का पुष्कळ काही सांगू शकली असती.
तिने बाहीने काच पुसली.
"रुमाल वर घे," म्हणाली, "टोक पाण्यात चाललंय."

पलीकडे कुणी बोलेना.
पाव कापायच्या यंत्राची घरघर तेवढी येत होती.
मग, त्या घरघरीतून,
"भिजलाच."