एळ्ळु-बेल्ल

संक्रांतीची कार्डं लिहायला बसतो मी
मार्केट यार्डातून आल्यावर, हात दोनदा धुऊन.
तरी पाकिटाच्या कडेला
हळदीचा अंगठा उमटतोच.

अथणीचे इरण्णा मास्तर भेटले ते
बदामीच्या पायऱ्यांवर, दिवाळीच्या सुट्टीत.
माझी चप्पल तुटलेली,
त्यांच्याकडे सुतळी.
एस्टीच्या तिकिटामागे पत्ता.
बास, एवढीच ओळख.

मग अकरा वर्षं
माझा तिळगूळ जातो,
त्यांचं एळ्ळु-बेल्ल येतं,
अर्धं वाटेत मुंग्यांचं.

गेल्या साली अक्षर सुनेचं होतं :
"मामांना आता दिसत नाही.
पाकीट नाकाशी धरतात
अन् म्हणतात, सांगलीचं आलं."

यंदा पहिलं पाकीट त्यांचं.
हात नंतर धुईन.