पानाची शीर

त्या वर्षी आमचा वाचक होता एवारिस्तो.
उंच चौथऱ्यावर खुर्ची, मांडीवर ओला रुमाल,
आणि आवाज असा की पार शेवटच्या बाकापर्यंत
एकेक शब्द नाण्यासारखा वाजत यायचा.
नाणं आमचंच होतं म्हणा. दर शनिवारी
डबा फिरायचा, आणि पुढच्या आठवड्याचा त्याचा घसा
आम्ही विकत घेऊन ठेवायचो.

सकाळी वर्तमानपत्र. दुपारी ते जाड पुस्तक,
शंभर वर्षांपूर्वीचं, कुठल्याशा गोठलेल्या मुलखातलं.
बर्फ आम्हाला ठाऊक तो हवानाहून येणाऱ्या मासळीच्या पेटीतला.
तरी त्या विधवेच्या घरातली थंडी
आमच्या घामेजल्या पाठींवरून चालत जायची.

गोष्ट एवढीच:
फौजेतून पळालेला एक पोरगा तिने कणगीमागे लपवला.
चार महिने आपल्या ताटातला पाव मोडून दिला.
पाचव्या महिन्यात शिपाई तिच्या थोरल्याला धरून नेऊ लागले
तेव्हा तिने कणगीकडे बोट केलं.
मग तिने टेबल पुसलं. दोनदा.

इथे भोंगा झाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात
सिगार कमी आणि न्यायनिवाडेच जास्त वळले गेले.
रेमिहिओ म्हणाला, आईच ती, दुसरं काय करील?
ओब्दुलिया म्हणाली, तो पोरगाही कुणाचा तरी थोरलाच.
सेवेरीनो, जो देवालासुद्धा संपावर बोलवायचा,
म्हणाला, बाईला सोडा, राजाला धरा.
नेमेसिओ, मिसरूड नुकती फुटलेला:
तिचं त्याच्यावर मन बसलं होतं, त्या भीतीनेच तिने दाखवला.
सगळे हसले. ओब्दुलिया नाही हसली.

माझं काम शिरा काढायचं.
मधली शीर बोटाला गुंडाळून एका दमात ओढायची,
की पानाची दोन पानं होतात, डावं आणि उजवं,
मऊ, सांगाल तशी वळणारी.
ऐकता ऐकता वाटलं, हे लोक त्या बाईचं तेच करताहेत.
डावीकडे आई, उजवीकडे फितूर,
आणि जी शीर दोन्हीला धरून होती
ती पायांशी, कचऱ्यात.

वाचन रंगलं की आम्ही पाती फळीवर आपटायचो,
तीच आमची टाळी.
पहिलं पातं नेहमी तिबुर्सिओचं.
तीस वर्षं त्या बाकावर, कधी पान फाटलं नाही त्याच्या हातून.
त्या दुपारी फाटलं.

तुम्हाला माहीत नसेल, त्याआधीच्या वसंतात संप झाला होता.
कुणीतरी मालकाला सात नावं सांगितली.
सहाजण परत आले.
बोट आम्ही दाखवलं ते टँपाला निघून गेलेल्या एकाकडे.
गेलेल्या माणसाची पाठच दिसते,
आणि पाठीला उत्तर देता येत नाही.

"ते टेबल पुसल्याचं पुन्हा वाच," तिबुर्सिओ म्हणाला.
एवारिस्तोने पान उलटं चाळलं. वाचलं.
"दोनदा का?"
"लिहिलेलं नाही."
"नीट बघ."
"बघितलं. नाही लिहिलेलं."

सत्तर पाती गप्प.
सेवेरीनोने बोलायला तोंड उघडलं
आणि त्यात सिगार खुपसला.

मला आठवलं, त्याच वसंतात
तिबुर्सिओच्या मुलीला ताप होता, उतरत नव्हता,
आणि एका रात्री त्यांच्या गल्लीत मोटार शिरली होती.
डॉक्टर हवानाचा. मोटार मालकाची.
मुलगी वाचली. आता शाळेत जाते, रिबीन लावून.
मी तेव्हा काही विचारलं नव्हतं. आम्ही शेजारी.
आमच्याकडे तो मीठ मागायला येतो.

एवारिस्तो पुढे वाचू लागला.
माझ्या बोटाला शीर गुंडाळलेली, अर्धी ओढून झालेली.
पुढे ओढवेना.
ते पान तसंच बाजूला ठेवलं.

असलं पान मोजणीत धरत नाहीत.