तीन अधिक एक

सराफ्यात दिवसा तोळ्याने तोलतात,
रात्री त्याच ओट्यांवर पावशेराने.
आमची कार्यकारिणी रात्रीची.
सोनारांची शटरं पडल्यावर, गराडूच्या कढईशेजारी
चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक फाइल:
सुलक्षणा खांबेटे, सॉफ्टबॉल, पिचर,
वय पस्तीस, खांदा उजवा.

शेठचा कारखाना शेवेचा. लसणाची, लवंगेची.
पाकिटाच्या पाठीवर छापलेलं असतं
कुठल्या तारखेपर्यंत कुरकुरीत.
"माणसावर कुठे छापतात, सांगा," म्हणाले,
"मग मी दहा वर्षांची सही करतो."

कानूनगो म्हणाले, भोपाळवाले चार वर्षं देतायत.
शिवाय देवासची ती पोरगी, एकोणीस वर्षांची,
तिचा चेंडू येताना दिसतच नाही,
आणि मागते फक्त बूट.
सुलक्षणाचा दिसतो.
नीट दिसतो, आणि बॅट फिरली की तिथे नसतो.
याचा भाव काय लावायचा?

मी खजिनदार. विमा कंपनीत तेहतीस वर्षं
लोकांच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब केला.
अमुक वय, अमुक धंदा, अमुक हप्ता, कोष्टक तयार.
खांद्याचं कोष्टक नव्हतं.
तरी कागदावर उतार काढून दाखवला:
पहिल्या वर्षी बावीस सामने, दुसऱ्या वर्षी सतरा,
तिसऱ्या वर्षी नऊ, थंडी जास्त पडली तर सहा.
चौथ्या वर्षी ती बाकावर, बर्फाची पिशवी लावून,
आणि आपण दरमहा मोजतोय.
शेठनी मान डोलावली.
कढईत गराडू उलटला.

घरी झोप लागेना. जुन्या वह्या काढल्या.
पान अठ्ठावीस: जबलपूर स्पर्धा, स्लीपर, वेटिंगचे तिकीट एक.
पान एकतीस: केळी दोन डझन, रुपये चाळीस.
त्याखाली: कु. खांबेटे यांस खांद्याचे मलम, नामंजूर.
अक्षर माझं. सहीही माझीच,
तेव्हा केवढी ठसठशीत करायचो.
बारा हंगाम ती पोह्यांवर खेळली.
त्या वर्षांचा करार करावा
असं कुणाला सुचलं नाही.
तिलाही नाही बहुतेक.

सकाळी चिमणबागेत गेलो.
ती एकटीच. भिंतीवर खडूचा चौकोन.
हात मागून खाली येतो, मांडीजवळून जातो,
मनगटाशी काहीतरी होतं, ते काही मला दिसलं नाही,
आणि चौकोनाचा खालचा कोपरा.
पुन्हा तोच कोपरा. पुन्हा.
पंचवीस झाले की थांबायची,
खांदा ओल्या पंचासारखा पिळायची,
चेंडू आणायला स्वतःच जायची.

विचारलं, "खरं सांग, किती वर्षं उरलीत?"
हसली. "काका, त्याला विचारा. मला तो सांगत नाही."
मग बुटाची नाडी बांधता बांधता, खाली बघून,
"तुम्ही पुढचे पैसे मोजताय ना, मोजा.
मी मागचेच घेणार आहे."

आज पुन्हा सराफा.
कानूनगोंनी भुट्ट्याचा किस मागवलाय.
शेठ म्हणतात, दोन. फार तर दोन अधिक एक,
आणि तो एक आपल्या मर्जीचा.
मागच्या बंद दुकानात सोनाराचा काटा
काचेच्या पेटीत झाकून ठेवलाय,
श्वासानेसुद्धा हलतो म्हणे.
आमच्यासमोर जिलबीवाल्याचा लोखंडी तराजू,
एका पारड्याखाली पासंगाचा खडा, सुतळीने बांधलेला.
इतकी वर्षं इथे खातोय,
खडा कुठल्या पारड्याला आहे, पाहिलं नव्हतं.

मी पेन काढतो. तीन अधिक एक, लिहितो.
रकमेच्या रकान्याशेजारी, अगदी बारीक,
जुनी बाकी: मलम, मंजूर.

"काय लिहिलंत ते?" शेठ विचारतात,
आणि तुपाच्या बोटांनी
खिशात चष्मा शोधू लागतात.